सांगवीकर अंतर्मुख आहे काय?

'कोसला'तील (१९६३) पांडुरंग सांगवीकराचे वर्गीकरण कल्याणच्या आमच्या एम.ए.च्या वर्गात दोन मिनिटांत उरकते. तो 'अंतर्मुख' आहे, एवढे म्हटले की वह्या मिटतात. अलीकडे त्यापुढे नोकरीच्या चाचण्यांतून शिकलेली चार रोमन अक्षरेही येतात. या निदानात तथ्य आहेच. परंतु त्याने कादंबरीतील भांडण मिटवले जाते, हा माझा आक्षेप आहे.

युंगने १९२१ मध्ये व्यक्तिमत्त्वप्रकारांची मांडणी करताना अंतर्मुखता व बहिर्मुखता या दोन वृत्ती आणि विचार, भावना, संवेदन, अंतःप्रज्ञा ही चार कार्ये कल्पिली. स्पिटेलरच्या काव्यातील प्रॉमिथ्यूस व एपिमिथ्यूस यांचे विवेचनही त्याच ग्रंथात आहे. तेव्हा साहित्यातील पात्रांना हा निकष लावणे निषिद्ध मानण्याचे कारण नाही. मात्र युंगच्या लेखी जाणिवेतील वृत्तीला नेणिवेतील विरुद्ध वृत्ती सतत प्रत्युत्तर देत असते. ते वगळले की हाती उरते केवळ चिठ्ठी. (चिठ्ठ्या लावण्याची हौस आपल्याकडेही जुनीच, पण 'दासबोधा'तील मूर्खलक्षणे वाचताना वाचक निदान स्वतःला तपासतो.)

सांगवीकर पुण्याच्या वसतिगृहात प्रथम हौसेने कारभारात पडतो, मित्रांसाठी पैसे उधळतो. ही बहिर्मुखता खोटी ठरवली तर पुढची माघार इतकी का बोचते, हे सांगता येत नाही. धाकट्या मनीचा देवीने झालेला मृत्यू तर कोणत्याही प्रकृतीचे लक्षण नव्हे. तो आघात आहे. वडिलांचा पैसा, त्यांच्याशी असलेला उभा दावा, पदवीविना सांगवीला परतणे, हे सारे स्वभावाच्या खात्यावर टाकले की शिक्षणव्यवस्था आणि कुटुंबसंस्था दोन्ही निर्दोष सुटतात.

शिवाय आपल्यापुढे येतो तो पंचविशीतल्या सांगवीकराने मागे वळून सांगितलेला सांगवीकर. दैनंदिनी, इतिहासलेखनाची नक्कल, स्वतःचीच टर, अशी सोंगे घेत तो बोलतो, आणि प्रत्येक सोंगाला श्रोता लागतो. जगाकडे पाठ फिरवल्याचे सांगण्यासाठी त्याला जगच समोर बसवावे लागते. प्रकार शोधायचाच असेल तर तो पात्राच्या वर्तनापेक्षा या निवेदकाच्या वाक्यरचनेत शोधावा. तेथे दोन्ही वृत्ती एकाच वाक्यात परस्परांना तोडताना आढळतात.

गेल्या सत्रात एका विद्यार्थिनीने विचारले, घरी परतलेला सांगवीकर हे सारे सांगतो तरी कोणाला? तिच्या लघुप्रबंधाचा विषय आता तोच आहे.