‘खोटी तक्रार’ हे ठरवलं कोणी? एका शोधवृत्तांताचं वाचन

पोलिसांच्या नोंदींवर प्रपोजल लिहिणाऱ्या ज्युनिअर्सना मी आधी एक लेख वाचायला सांगते. प्रोपब्लिका आणि द मार्शल प्रोजेक्ट यांनी डिसेंबर २०१५ मध्ये छापलेला ‘ॲन अनबिलिव्हेबल स्टोरी ऑफ रेप’. लेखक टी. ख्रिश्चन मिलर आणि केन आर्मस्ट्राँग. २०१६ मध्ये त्याला पुलित्झर मिळालं, २०१९ मध्ये त्यावर नेटफ्लिक्सची मालिका आली. मालिका पाहिली असेल तरी मूळ लेख वाचाच.

घटना थोडक्यात अशी. ऑगस्ट २००८, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातलं लिनवूड शहर. पालक-कुटुंबांत वाढलेल्या १८ वर्षांच्या मुलीने घरात घुसून झालेल्या बलात्काराची तक्रार दिली. काही दिवसांतच पोलिसांच्या दबावाखाली तिने ती मागे घेतली. नंतर ‘माझं आधीचं म्हणणंच खरं होतं’ असं सांगायला ती परत गेली, तेव्हा लाय डिटेक्टरमध्ये नापास झालीस तर तुरुंगात जाशील, असं तिला सुनावण्यात आलं. शेवटी खोटी तक्रार दिल्याचा गुन्हा तिच्यावरच लागला. कोर्टाने दिलेल्या वकिलालाही त्याचं आश्चर्य वाटलं होतं, कारण तिने कोणाचं नावच घेतलेलं नव्हतं. खटला उभा राहिला नाही. समुपदेशन, देखरेख आणि ५०० डॉलर खर्च, अशी तडजोड झाली. २०११ मध्ये कोलोरॅडोत पकडलेल्या मार्क ओ’लिअरीकडच्या फोटोंमध्ये तिचाही फोटो सापडला, अंगावर तिचंच लर्नर्स परमिट ठेवलेला. त्याला कोलोरॅडोत ३२७ वर्षं ६ महिन्यांची शिक्षा झाली.

लेखाचं बळ कुठे आहे? ‘बाईवर विश्वास ठेवा’ असं तो कुठेही सांगत बसत नाही. ‘खोटी’ हा निष्कर्ष ज्या पायऱ्यांनी आला, त्या एकेक करून तपासतो. शंकेची सुरुवात तिला सांभाळलेल्या बाईंच्या फोनपासून झाली: ती फारच शांत वाटते, काहीतरी जुळत नाही. मग जबाबांतली तफावत: मित्राला फोन आधी केला की दोरी आधी कापली? उलट बाजूला वैद्यकीय तपासणीत मनगटांवर खरचटल्याच्या खुणा नोंदलेल्या होत्या. त्या फाइलमध्येच राहिल्या. तपास करणाऱ्यांनी आपली शंका सिद्ध करायला पुरावा शोधला, खोडून काढायला नाही. आपल्या भाषेत हा कन्फर्मेशन बायस.

आता माझे दोन आक्षेप.

पहिला, आणि मोठा. लेखाची रचना वाचकाला त्या फोटोकडे घेऊन जाते. फोटो आला, मुलगी सुटली, आपण निःश्वास टाकतो. पण गुन्हेगाराने फोटो काढलाच नसता तर? तर ती आजही ‘खोटारडी’ राहिली असती. अशा आरोपीचा बचाव २००८ च्या कागदांवरच उभा राहायला हवा होता, आणि राहू शकत होता. तक्रार मागे घेणं म्हणजे तक्रार खोटी असल्याचा पुरावा नव्हे. दबावाखाली तर मुळीच नाही. पुरावा अपुरा असणं वेगळं आणि माणसाने जाणूनबुजून खोटं सांगणं वेगळं. दुसरी गोष्ट सिद्ध करायची जबाबदारी सरकारपक्षाची असते. लेखात हे सगळं विखुरलेलं आहे, पण युक्तिवाद म्हणून बांधलेलं नाही.

दुसरा आक्षेप आकड्यांचा. २००८ ते २०१२ मध्ये लिनवूड पोलिसांनी ४७ पैकी १० बलात्काराच्या तक्रारी ‘अनफाउंडेड’ ठरवल्या, म्हणजे २१.३ टक्के, तेवढ्याच लोकसंख्येच्या इतर ठिकाणी सरासरी ४.३ टक्के, असं लेख सांगतो. फरक लक्षणीय आहे. पण छेद ४७ चा आहे. चार केसेस कमी झाल्या की टक्केवारी १२.८ वर येते. शिवाय ‘अनफाउंडेड’मध्ये खोट्या आणि निराधार, दोन्ही येतात. आकड्यासोबत हा खुलासा हवा होता.

हे परदेशातलं आहे म्हणून सोडून देऊ नका. महाराष्ट्रात पोलीस कोर्टात ए, बी किंवा सी समरी पाठवतात. ढोबळमानाने ए म्हणजे गुन्हा खरा पण छडा लागला नाही, बी म्हणजे हेतुपुरस्सर खोटी तक्रार, सी म्हणजे गैरसमजातून आलेली किंवा दिवाणी स्वरूपाची. एनसीआरबीच्या तक्त्यांतही ‘खोटी’, ‘गैरसमज’ आणि ‘खरी पण पुरावा अपुरा’ असे वेगळे रकाने आहेत. तरी वादात उतरताना सगळे एकत्र करून ‘इतक्या केसेस खोट्या’ असं बिनधास्त म्हटलं जातं. भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ मध्येही (आधीचं भादंवि १८२) माहिती खोटी असल्याचं देणाऱ्याला ठाऊक असणं किंवा तसं त्याने मानणं, हा गुन्ह्याचाच घटक आहे. आरोपी निर्दोष सुटला म्हणजे तक्रारदार खोटा ठरला, असं या कलमातून निघत नाही.

या विषयावर काम करणार असाल तर प्रत्येक ‘खोट्या’ केससाठी तीन रकाने वाढवा: हे कोणी ठरवलं, कोणत्या टप्प्यावर, आणि तक्रारदाराला त्याविरुद्ध बोलायची संधी मिळाली का. लिनवूडच्या केसमध्ये ही उत्तरं अशी भरावी लागतील: तपास करणाऱ्यांनीच, काही दिवसांत, आणि तुरुंगाची भीती दाखवून. असा रकाना एकदा भरलात की ती केस ‘खोटी’ म्हणून मोजायला हात धजणार नाही.