आर = ०.९४ आला, म्हणून झालं का? ब्लँड-आल्टमन नीट वाचूया

सिनॉप्सिससाठी विषय शोधताय? मग 'एबीजी मशिन विरुद्ध ऑटोअ‍ॅनालायझर : सोडियम-पोटॅशियमची तुलना' हा विषय कधी ना कधी तुमच्यासमोर येणारच. कराड असो की मिरज, आयसीयू आहे, दोन्ही मशिन्स आहेत, नमुने रोज येतात. विषय चांगलाच आहे. घोळ होतो तो निष्कर्षात : 'आर = ०.९४, म्हणून दोन्ही पद्धती एकमेकींच्या जागी चालतील.'

याचं उत्तर मार्टिन ब्लँड आणि डग्लस आल्टमन यांनी फेब्रुवारी १९८६ च्या 'द लॅन्सेट'मध्ये दिलंय. जेमतेम चार पानांचा लेख. १७ जणांचा श्वासाचा वेग त्यांनी मोठ्या आणि छोट्या पीक फ्लो मीटरवर मोजला. सहसंबंध आला ०.९४. पण प्रत्येकाच्या दोन आकड्यांतला फरक काढला, तर तो मिनिटाला साधारण उणे ८० ते अधिक ७६ लिटर इतका पसरलेला!

पोटॅशियमवर हेच करून बघा. एक मशिन ३.४, ४.२, ५.६ दाखवतं, दुसरं ४.०, ४.८, ६.२. सहसंबंध पूर्ण १. पण पहिल्यावर ज्याचं पोटॅशियम कमी, तो दुसऱ्यावर नॉर्मल. आणि ६.२ बघून आयसीयूत लगेच इन्सुलिन-ग्लुकोज सुरू होऊ शकतं. शिवाय खूप कमी आणि खूप जास्त आकड्यांचे पेशंट घेतले की आर आपोआप वाढतो. मशिन तेच, फक्त पेशंट बदलले.

लेखाची ताकद ही की तो गणितापेक्षा प्रश्न बदलतो. 'संबंध आहे का?' असं न विचारता 'फरक किती, आणि तो चालेल का?' असं विचारतो. पण 'चालेल का' हे आलेख सांगत नाही, ते तुम्ही आधी ठरवायचं असतं. अमेरिकेच्या क्लिया नियमांत सोडियमला ±४ आणि पोटॅशियमला पूर्वी ±०.५, २०२५ पासून ±०.३ मिलिमोल प्रति लिटर अशी मर्यादा आहे. ती मुळात प्रयोगशाळांच्या गुणवत्ता चाचणीसाठी, तरी सुरुवातीला धरायला बरी. मर्यादा डेटा बघून ठरवली, तर तो निव्वळ सोयीचा निकाल.

आता या पद्धतीचा तोकडेपणा. सहमती म्हणजे अचूकता नव्हे. समजा महाबळेश्वर किंवा पाटणहून आलेला नमुना सीरम वेगळं न करता रात्रभर फ्रीजमध्ये राहिला. थंडीत पेशींचा सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो, पोटॅशियम बाहेर झिरपतं, आणि सीरम लाल दिसतंच असं नाही. तो नमुना दोन मशिनवर लावा : दोघांचं छान जमेल, आणि दोघंही चुकीचं सांगतील. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधलं रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतलं तरी तेच : ईडीटीएमुळे पोटॅशियम वर, कॅल्शियम खाली, मशिन्स मात्र एकमतात.

दुसरी गोष्ट, फरक सापडला तरी कारण आलेखात नसतं. बहुतेक मोठे ऑटोअ‍ॅनालायझर नमुना पातळ करून मोजतात. एबीजी मशिन थेट मोजतं. प्लाझ्मात साधारण ९३ टक्के पाणी असतं. प्रथिनं किंवा चरबी खूप वाढली की पाण्याचा वाटा घटतो, आणि पातळ करणारं मशिन सोडियम खोटं कमी दाखवतं. अल्ब्युमिन खूप घसरलं की उलटं. म्हणजे आयसीयूतला फरक हा नुसता 'रँडम एरर' नाही. एकूण प्रथिनं न मोजता हा अभ्यास केला, तर उत्तराचा अर्धा भाग तुम्ही स्वतःच फेकून दिला.

म्हणून सिनॉप्सिसमध्ये चार गोष्टी आधीच लिहा : चालेल तो फरक, रक्त काढल्यापासून मोजेपर्यंतचा वेळ आणि तापमान, हिमोलिसिस कसं तपासणार (एबीजीच्या अख्ख्या रक्तात ते डोळ्यांना दिसत नाही, हे लक्षात ठेवा), आणि प्रथिनांचा आकडा. गाईडनी 'सहसंबंध पण टाक' म्हटलं, तर टाका खुशाल. फक्त निष्कर्ष त्यावर उभा करू नका. जतहून आलेल्या किडनीच्या पेशंटला आर किती आला याच्याशी काही घेणं नाही. त्याला त्याचं पोटॅशियम बरोबर हवंय.