तोंड, मुख आणि ‘फेस’ : अर्थशिक्षणातील एक अडचण

परभाषेतील शब्द शिकणे म्हणजे त्याचे अर्थ क्रमवार पाठ करणे, अशी समजूत आपल्या अध्यापनात दृढ झालेली आहे. द्विभाषिक कोशांची मांडणी तिला पोषक ठरते. मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशात अर्थांना क्रमांक दिलेले आहेत. एका शब्दाचा अर्थविस्तार नोंदविण्यास ही पद्धत उत्तम होय. परंतु दोन भाषांतील शब्दांच्या सीमा कोठे जुळत नाहीत, हे ती सांगत नाही.

भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यातील चिखला येथे मँगनीजची भूमिगत खाण आहे. खाणकामाच्या इंग्रजीत ‘माउथ’ म्हणजे प्रवेशाची जागा, आणि ‘फेस’ म्हणजे आत जेथे प्रत्यक्ष खनिज फोडले जाते तो पुढचा भाग. धातुखाणींसंबंधीच्या १९६१ च्या विनियमांतही ‘फेस’ ही संज्ञा येते. मराठीत मात्र आपण तोंड धुतो आणि घासही तोंडातच घालतो. दोन्ही इंग्रजी शब्दांचे क्षेत्र एकट्या ‘तोंडा’ने व्यापले आहे. त्यातून ‘खाणीचे तोंड’ म्हटले की प्रवेशाची जागाच मनात येते. ‘फेसपासून दूर राहा’ या सूचनेचा अर्थ जो ‘तोंडापासून दूर राहा’ असा करील, तो धोक्याच्या जागेविषयीच चुकेल. अर्थांची यादी मुखोद्गत असूनही चुकेल.

येथे चिनी भाषकाशी तुलना उद्बोधक ठरते. चिनीत खाणीच्या तोंडाला ‘खौ’, म्हणजे मुख, हा शब्द लागतो; खोदकामाच्या भागाला ‘म्येन’, म्हणजे चेहरा किंवा पृष्ठभाग. हा भेद त्याला घरचाच आहे. इंग्रजी व मराठी एका भाषाकुलातील आणि चिनी त्याबाहेरची, तरी सोय चिनी भाषकाची होते. उलट कपडे अंगावर घालण्यास तो ‘छ्वान’ म्हणतो, टोपी घालण्यास ‘ताय’. आपणही साडी नेसतो, सदरा घालतो, फेटा बांधतो. इंग्रजीत या सर्वांना ‘वेअर’ पुरतो. अनेकांचे एक होते तेथे बोलणाऱ्याला श्रम थोडे. एकाचे अनेक होतात तेथे खरी कसोटी.

दोन भाषांच्या तुलनेतून अडचणी आधी ओळखाव्यात, हा रॉबर्ट लाडो यांचा १९५७ मधील आग्रह म्हणूनच आजही विचारार्ह वाटतो. मात्र ती तुलना भाषाकुलांची नव्हे, अर्थक्षेत्रांची हवी. ‘माउथ’ आणि ‘फेस’ हे शब्द वेगवेगळ्या पानांवर न शिकविता एकाच आकृतीवर, शेजारी शेजारी शिकविले पाहिजेत.