'साहस' : अर्थ आणि व्युत्पत्ती

हेदवीच्या समुद्रकिनाऱ्यावर, उमामहेश्वराच्या देवळापाशी, कातळात 'बामणघळ' नावाची अरुंद भेग आहे. भरतीचे पाणी तीत घुसून उंच उसळते. तिच्या कडेवर जाऊ पाहणाऱ्या मुलांना एक वृद्ध ग्रामस्थ म्हणाले, "भलते साहस करू नका." शाळेतील निबंधात मात्र हाच शब्द गुणवाचक असतो. या विरोधाची उपपत्ती कशी लावावयाची?

प्रारंभी निंद्य असलेल्या शब्दाचा पुढे अर्थोत्कर्ष झाला, असे सांगून हा प्रश्न निकालात काढण्याचा प्रघात आहे. तो अपुरा वाटतो. 'साहस'च्या मुळाशी 'सहस्' म्हणजे बळ आहे; ऋग्वेदात अग्नीला बळाचा पुत्र म्हटले आहे. 'सह्' धातूचे अर्थ जिंकणे आणि सोसणे असे दोन्ही आहेत. 'सहन' त्यातूनच आले. धर्मशास्त्रात मात्र साहस हा अपराध ठरतो. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायानुसार धन्यासमक्ष बळाने केलेले हरण ते साहस. त्याच्या नकळत केलेले ती चोरी. दंडाच्या तीन पायऱ्यांनाही प्रथम, मध्यम व उत्तम साहस अशी नावे असून त्यांचे मान २५०, ५०० व १००० पण आहे. अमरकोशात तर साहस हा दंडाचाच पर्याय आहे.

येथे भेदक लक्षण हरण नव्हे, कारण ते चोरीतही आहे. भेदक आहे ते उघडपण आणि स्वबळावरचा भरवसा. हरणाचा अंश गळाला, ही दोन लक्षणे राहिली. म्हणजे अर्थ उलटला नाही. त्याचा विषय बदलला.

याच कुळातील 'सहसा'ची वाट निराळी. संस्कृतात हे 'सहस्'चे तृतीयान्त रूप : बळाने, त्यावरून एकाएकी, अविचाराने. 'किरातार्जुनीया'त युधिष्ठिर भीमाला सहसा काही न करण्याचा उपदेश करतो. मराठीत 'तो सहसा बोलत नाही' म्हणजे बहुधा बोलत नाही. 'अविचाराने करू नये' यातून 'शक्यतो करू नये' आणि पुढे 'बहुधा करीत नाही' असा क्रम नकाराच्या नित्य सान्निध्याने घडला असावा. 'सहसा'तील बळ विरले, 'साहसा'तील टिकले.

म्हणून साहसाला निव्वळ पराक्रम मानणारी व्याख्या सदोष होय. पराक्रमाचे मोजमाप फळावरून होते, साहसाचे पत्करलेल्या धोक्यावरून. तो धोका सार्थ की व्यर्थ, हे शब्द सांगत नाही. ते 'भलते' यासारख्या विशेषणाकडे सोपवितो. घळीच्या कडेवर उच्चारलेल्या त्या वाक्यात अर्थाचा हा जुना व्यवहार अद्याप शाबूत आहे.