ब्रेक लागतो, पण सुटतो कसा?

एनसीईआरटीच्या २००८ सालच्या आठवीच्या विज्ञान पुस्तकात घर्षणावर स्वतंत्र प्रकरण होते. २०२५ मध्ये त्या पुस्तकाची जागा नव्याने घेतली, पण सायकलचा ब्रेक शिकवण्याची त्यातली रीत आपल्या ओळखीचीच आहे. एरवी ब्रेकचे रबर चाकाला टेकलेले नसतात, लिव्हर दाबली की ते रिमवर दाबले जातात आणि घर्षणाने चाक थांबते. विधान अचूक आणि उदाहरण मुलांच्या रोजच्या वापरातले, हे त्याचे गुण मान्यच आहेत. परंतु शाळेतल्या सायकली उभ्या करून चाके फिरवून पाहा. एखादे तरी चाक खर्र आवाज करीत लवकर थांबेल. लिव्हर सोडलेली असूनही तिथे रबर टेकलेला असतो. असे का, याचे उत्तर त्या विवेचनात सापडत नाही.

याचे कारण असे की त्यात ब्रेक लागण्याची क्रिया आहे, सुटण्याची नाही. वायरच्या ब्रेकमध्ये लिव्हर दाबताना हाताचे बल लावले जाते. ते भरपूर असल्याने वायर आणि तिचे आवरण यांच्यातले घर्षण जाणवत नाही. सोडताना मात्र वायर ढकलण्याचे काम करू शकत नाही. कॅलिपरच्या भुजा उघडून वायर मागे ओढण्याचे सगळे काम एका लहानशा स्प्रिंगला करावे लागते. वायर गंजली, आवरण मुडपले किंवा भुजांचा खिळा सुकला, की घर्षण स्प्रिंगला भारी पडते. म्हणून तोच ब्रेक लागतो चांगला, पण सुटत नाही.

वर्गात आपण फळ्यावर दोन रकाने पाडतो: उपयोगी घर्षण आणि त्रासदायक घर्षण. ब्रेक पहिल्यात, यंत्राचे तेल दुसऱ्यात. ही मांडणी पाठांतराला सोयीची, पण अपुरी आहे. एकाच ब्रेकमध्ये रबरापाशी घर्षण हवे असते आणि वितभर अंतरावर, वायरीत, नको असते. हे न कळलेला मुलगा ‘घासते तिथे तेल’ या हिशेबाने रिमवरच तेल सोडतो. दुसरा एखादा घासणारा ब्रेक पार सैल करून टाकतो. आवाज थांबतो, पण पुढच्या उतारावर सायकलही थांबत नाही.

दोष शोधण्याची रीत हाच खरा विज्ञानाचा पाठ आहे. चाक अधांतरी धरून फिरवावे. प्रत्येक फेरीत एकाच जागी घासत असेल तर रिम आऊट आहे. आऱ्यांचा ताण सारखा करावा लागेल. सतत घासत असेल तर आधी चाक चिमट्यात मधोमध बसले आहे का ते पाहावे. पंक्चर काढल्यावर ते तिरके बसणे नेहमीचे आहे. ते ठीक असेल तर वायर कॅलिपरपासून सोडवावी. भुजा आपोआप उघडल्या तर दोष वायरीत किंवा लिव्हरमध्ये. न उघडल्या तर खिळा, त्याचा जास्त आवळलेला नट किंवा स्प्रिंग तपासावी. खिळ्याला तेलाचा एकच थेंब पुरतो. ओघळलेले पुसून घ्यावे. एकच रबर टेकत असेल तर कॅलिपर मध्यावर आणावा. वायर पुन्हा आवळून ब्रेक लागतो हे तपासल्याशिवाय कोणी सायकलवर बसू नये.

जुन्या काळ्या सायकलींच्या दांडीच्या ब्रेकमध्ये वायर नसते आणि रबर रिमच्या आतल्या बाजूला खालून लागतात. तिथे वाकलेली दांडी किंवा जाम झालेले सांधे शोधावे लागतात, पण तर्क तोच: एकेक भाग वेगळा करून पाहायचा.

पाठ्यपुस्तकाला पानांची मर्यादा असते. आपल्या तासिकेला इतकी नसते. ‘ब्रेक लावल्यावर काय होते?’ या प्रश्नाला ‘सोडल्यावर काय होते?’ हा प्रश्न जोडला, तर घर्षण, तरफ आणि स्प्रिंग हे तीन वेगळे धडे एकाच सायकलवर एकत्र येतात.