शालेय स्तरावरील साहित्यविषयक संज्ञा : ओळख आणि आकलन

प्रस्तावना

साहित्याच्या अभ्यासाला संज्ञांवाचून गत्यंतर नाही. एखादी कविता आवडली, एवढे सांगण्यास संज्ञा लागत नाही. ती का आवडली, हे दुसऱ्यास समजावून देण्यासाठी मात्र उभयतांना ठाऊक असलेले शब्द लागतात. इयत्ता सहावी ते आठवी हा उच्च प्राथमिक टप्पा या दृष्टीने महत्त्वाचा आहे. याच वयात विद्यार्थी गोष्ट ऐकण्याकडून गोष्टीविषयी बोलण्याकडे वळतो. उपमा, रूपक, यमक, अनुप्रास, पात्र, प्रसंग या संज्ञा त्याच्या कानांवर साधारणपणे याच सुमारास पडतात.

हाच विद्यार्थी पुढे महाविद्यालयात येतो, तेव्हा ‘या ओळीत उपमा अलंकार आहे’ असे तो बहुधा अचूक सांगतो. परंतु ‘ही उपमा नसती तर ओळीचे काय बिघडले असते?’ असे विचारताच तो थांबतो. संज्ञेची ओळख त्याला आहे. संज्ञेच्या साहाय्याने होणारे आकलन नाही. या अंतराचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. दोष संज्ञांचा नाही, ज्या परंपरेतून त्या आल्या त्या परंपरेचाही नाही. परंपरेतून शाळेने काय उचलले आणि काय मागे ठेवले, यात तो आहे, असे येथे प्रतिपादन आहे.

व्याकरणाच्या शेजारी अलंकार

मराठी शालेय परंपरेत अलंकार, वृत्ते आणि शब्दशक्ती यांचा अभ्यास व्याकरणाच्या पुस्तकात होत आला आहे. मो. रा. वाळंबे यांच्या ‘सुगम मराठी व्याकरण लेखन’ या पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेलेल्या पुस्तकातही संधी, समास, प्रयोग यांच्या सोबतीने अलंकार येतात. सोयीच्या दृष्टीने ही व्यवस्था समजण्यासारखी आहे. मात्र शेजाराचा परिणाम होतोच. संधीचा विग्रह एकच बरोबर असतो. वाक्यातील प्रयोग कर्तरी की कर्मणी, याचे उत्तर निश्चित असते. अलंकारही याच पंक्तीत बसले की त्यांच्याकडून तशाच उत्तराची अपेक्षा होते. ‘अलंकार ओळखा’ या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येते आणि एका गुणात तपासता येते.

परिणामी कविता वाचनपाठात राहते आणि तिचा अलंकार मात्र स्वाध्यायात जातो. कवितेच्या अर्थाविषयीचे प्रश्न वेगळे, अलंकाराचे वेगळे. अलंकारामुळेच तो अर्थ घडला आहे, ही गोष्ट सांगायची कोणी, हे ठरतच नाही.

साम्यवाचक शब्दांचा आधार

ओळख सोपी व्हावी म्हणून विद्यार्थ्याला खुणेचे शब्द दिले जातात. सारखा, समान, प्रमाणे, जसे, सम, परी हे शब्द आले की उपमा; जणू, गमे, वाटे, भासे हे आले की उत्प्रेक्षा. ही खूण बरीच मदत करते, हे मान्य केले पाहिजे. परंतु तिच्यावरच भिस्त ठेवली की ती फसवते. ‘बाळ सारखे रडत होते’ या वाक्यात ‘सारखे’ आहे, साम्य नाही. ‘मला वाटते, उद्या पाऊस येईल’ या वाक्यात ‘वाटते’ आहे, उत्प्रेक्षा नाही. जुन्या काव्यात ‘परी’ हा शब्द ‘प्रमाणे’ या अर्थी येतो, तसाच ‘परंतु’ या अर्थीही येतो.

याहून महत्त्वाचे उदाहरण ‘तो वडिलांसारखा दिसतो’ या वाक्याचे आहे. येथे साम्य आहे, साम्यवाचक शब्दही आहे. तरीही ही काव्यातील उपमा आहे काय? संस्कृत साहित्यशास्त्राने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. ‘गवय हा गाईसारखा असतो’ हे उपमान प्रमाणाचे प्रसिद्ध उदाहरण आहे. त्यातून रानातील एक प्राणी ओळखता येतो. काव्य निर्माण होत नाही. सतराव्या शतकातील जगन्नाथ पंडिताने ‘रसगंगाधरा’त उपमेचे लक्षण करताना नुसत्या सादृश्यावर समाधान मानलेले नाही. ते सादृश्य सुंदर असले पाहिजे आणि वाक्याच्या अर्थाला त्याने शोभा आणली पाहिजे, अशा दोन अटी त्याने घातल्या आहेत.

शाळेने यांपैकी सादृश्य ठेवले आणि दोन्ही अटी वगळल्या. वगळलेला भाग अवघड होता, असे म्हणता येत नाही. ‘ही तुलना नुसती माहिती देते, की त्या गोष्टीकडे नव्याने पाहायला लावते?’ हा प्रश्न बारा वर्षांच्या मुलाला सहज कळतो. वगळला गेला तो भाग अवघड होता म्हणून नव्हे, तर त्याचे उत्तर एका शब्दात तपासता येत नाही म्हणून.

एका उपमेची अनेक रूपे

दुसरी अडचण संख्येची आहे. भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’त उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार आहेत. सोळाव्या शतकात अप्पय्य दीक्षिताच्या ‘कुवलयानंदा’पर्यंत ही संख्या शंभरावर गेली. शालेय अभ्यासक्रमाने या यादीतून निवड केली; परंतु निवडलेले अलंकार सुटे सुटे ठेवले. प्रत्येकाची एक व्याख्या, एक-दोन उदाहरणे, आणि लगेच पुढचा अलंकार. विद्यार्थ्याला ती एक यादी वाटते आणि यादी म्हणून तो ती पाठ करतो.

ज्या अप्पय्य दीक्षिताने ही यादी वाढवली, त्यानेच आपल्या ‘चित्रमीमांसे’त ती सोपी करणारा दृष्टान्तही दिला आहे. उपमा ही एकच नटी असून काव्याच्या रंगभूमीवर ती निरनिराळ्या भूमिका घेऊन रसिकांचे मन रिझवते, असे तो सांगतो. अध्यापनाच्या दृष्टीने हा विचार मोलाचा आहे. उपमेय आणि उपमान ही दोन पदे स्थिर ठेवावीत आणि त्यांच्यातील नाते बदलत जावे, म्हणजे अर्धा डझन अलंकार एकाच तासात एकमेकांतून उलगडतात.

वह्यांमध्ये पिंपळाचे पान ठेवून त्याची जाळी होण्याची वाट पाहणे मुलांना परिचित आहे. ‘आजीचे हात वहीत जपलेल्या पिंपळपानासारखे आहेत’ ही उपमा झाली. ‘आजीचे हात म्हणजे जणू वहीत जपलेले पिंपळपान’ ही उत्प्रेक्षा. ‘आजीच्या हातांचे पिंपळपान डोक्यावरून फिरले’ हे रूपक. ‘हे आजीचे हात नव्हेत, वहीत जपलेले पिंपळपान आहे’ ही अपन्हुती. ‘पिंपळपानाहूनही आजीचे हात हळुवार आहेत’ हा व्यतिरेक.

येथवर वर्गीकरण झाले. खरे काम यापुढे सुरू होते. पहिल्या वाक्यात बोलणारा अंतरावरून पाहतो आहे. हात आणि पान या दोन वेगळ्या वस्तू त्याच्या समोर आहेत. रूपकात ते अंतर उरलेले नाही, म्हणून प्रत्यक्ष स्पर्शाच्या क्षणाला ते शोभते. अपन्हुतीतील नकार रोजच्या प्रसंगात कृत्रिम वाटेल. अनेक वर्षांनी घरी परतलेल्या नातवाच्या तोंडी मात्र तो खरा वाटू शकेल. आता पिंपळपानाऐवजी ‘चुरगळलेला कागद’ असे म्हणून पाहावे. सुरकुत्या हा साधारण धर्म कायम राहतो, व्याख्येप्रमाणे उपमाही निर्दोष राहते. पण चुरगळलेला कागद टाकून देण्याचा असतो आणि वहीतले पान जपण्याचे. उपमान बदलताच आजीकडे पाहण्याची दृष्टी बदलली. ‘काय बिघडले असते?’ या प्रश्नाचे उत्तर ते हेच. मुलांना ते देता येते. त्यांना तो प्रश्न विचारला गेला पाहिजे, इतकेच.

गद्याची उपेक्षा

शालेय संज्ञांचा भर जवळजवळ सर्वस्वी पद्यावर आहे. पाठ्यपुस्तकात गद्य पाठ संख्येने मोठे असतात. त्यांच्यासाठी ‘पात्र’, ‘प्रसंग’, ‘स्वभावविशेष’ यांपलीकडे विद्यार्थ्याच्या हाती फारसे काही पडत नाही. यातील सर्वांत जाणवणारी उणीव ‘निवेदक’ या संज्ञेची आहे. ही संज्ञा नसल्यामुळे गोष्टीत कोणीही बोलत असले तरी उत्तरात ‘लेखक म्हणतो’ असेच येते.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’चे उदाहरण घेता येईल. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक शाळकरी वाचकांना चांगले परिचित आहे. त्यात लेखक साने गुरुजी आहेत. आश्रमात रोज रात्री मित्रांना आठवणी सांगणारा प्रौढ श्याम हा निवेदक आहे. आणि त्या आठवणींतला लहान श्याम हे पात्र आहे. न्हाणे झाल्यावर तळव्यांना माती लागू नये म्हणून लहान श्याम हट्ट धरतो आणि आई आपले ओचे पसरते, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. त्या क्षणी लहान श्यामला केवळ स्वच्छ पाय हवे आहेत. पायांना जपतोस तसे मनालाही जप, या आईच्या बोलण्याचे मोल प्रौढ श्यामला कळलेले आहे, आणि तोवर आई हयात नाही. प्रसंगातील कारुण्य या दोन श्यामांमधील अंतरातून जन्मते. दोघांनाही ‘लेखक’ म्हटले की ते अंतर नाहीसे होते आणि ‘आईचे प्रेम’ एवढे एकच उत्तर शिल्लक राहते.

निवेदक, कथानक, संघर्ष, वातावरण या संज्ञा मराठी समीक्षेत रुळलेल्या आहेत. त्यांच्यासाठी नवे शब्द घडवण्याची गरज नाही. त्या पदवी वर्गापर्यंत राखून ठेवण्याचे मात्र सबळ कारण दिसत नाही.

संज्ञा वगळण्याचा पक्ष

पाठांतराच्या या दोषावर उपाय म्हणून शालेय स्तरावर संज्ञाच नकोत, मुलांनी केवळ आस्वाद घ्यावा, असेही म्हटले जाते. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर ज्ञानरचनावादाची चर्चा वाढली, तेव्हा पाठांतराविषयीची ही नाराजी अधिक ठळकपणे पुढे आली. तिच्यातील तळमळ रास्त आहे. निष्कर्ष मात्र घाईचा आहे. ज्या घरात पुस्तके आहेत आणि पुस्तकांविषयी बोलणारी माणसे आहेत, तेथील मुलाला हे शब्द शाळेने दिले नाहीत तरी मिळतात. ज्या घरात ती नाहीत, तेथील मुलाला ते मिळण्याचे ठिकाण शाळा हेच आहे. शाळेने संज्ञा काढून घेतल्या तर नुकसान याच मुलाचे होते. त्याचा आस्वाद त्याच्यापाशीच राहतो. तो चारचौघांत मांडण्याचे साधन त्याला लाभत नाही.

शिवाय हे मूल रिकाम्या हाताने येत नाही. ‘पोटात कावळे ओरडणे’, ‘डोळ्यांत तेल घालून जपणे’ असे वाक्प्रचार ते घरी रोज ऐकते. शाळेत या वाक्प्रचारांचा अर्थ लिहून घेतला जातो. तेथे मूळ अर्थ बाजूला सारून दुसराच अर्थ घ्यावा लागतो, म्हणजे लक्षणा या शब्दशक्तीचे काम चालू असते, याकडे लक्ष वेधले जात नाही. शब्दसंपत्ती एका स्वाध्यायात, अलंकार दुसऱ्यात आणि शब्दशक्ती वरच्या वर्गात, अशी विभागणी झाल्याने मुलाच्या बोलीतील प्रतिभा आणि पुस्तकातील संज्ञा यांची गाठ पडत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. उच्च प्राथमिक स्तरावर संज्ञा थोड्या असाव्यात, पण गद्य आणि पद्य दोहोंसाठी असाव्यात. अनुभव आधी आणि नाव नंतर, हा क्रम राखावा. साम्यवाचक शब्द ही केवळ प्राथमिक खूण आहे, हे सुरुवातीसच सांगावे. ‘अलंकार ओळखा’ या प्रश्नाला ‘तो नसता तर काय बिघडले असते?’ या प्रश्नाची जोड द्यावी. मोठे वर्ग आणि परीक्षेचा व्याप पाहता प्रत्येक वेळी हे शक्य होणार नाही. परंतु सत्रात दोन-तीन कवितांपुरते झाले, तरी संज्ञा कशासाठी असतात, हे विद्यार्थ्याला उमगेल.

या सुधारणेचा भार केवळ शालेय शिक्षकांवर टाकणे न्याय्य ठरणार नाही. ते शिक्षक महाविद्यालयांतील मराठीच्या वर्गांतूनच घडतात. तेथेही साहित्यशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत व्याख्या आणि प्रकार यांवरच भागत असेल, तर शाळेत वेगळे काही घडण्याची अपेक्षा धरता येत नाही. ओळखीकडून आकलनाकडे जाण्याचा प्रारंभ म्हणूनच पदवीच्या वर्गापासून झाला पाहिजे.