प्रदर्शनातला ज्वालामुखी आणि दारातले सूत

इचलकरंजीतल्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. तिसरी ते पाचवीच्या गटात बावीस उपकरणे मांडली होती. त्यांत पाच ज्वालामुखी, चार जलशुद्धीकरण यंत्रे आणि सिरिंजांवर चालणारे तीन जेसीबी होते. बाकीची पवनचक्की, सूर्यमाला, चांद्रयान अशी नेहमीची मंडळी. रंगकाम सुरेख होते, मुले नीटनेटकी होती आणि प्रत्येकाला आपले भाषण तोंडपाठ होते. मध्येच थांबवून काही विचारले, तर मूल पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात करी.

या मुलांना नावे ठेवण्यासाठी हा लेख नाही, शिक्षकांना ठेवण्यासाठी तर नाहीच. प्रदर्शनाची सूचना येते तेव्हा हातात जेमतेम पंधरा दिवस असतात आणि एका शिक्षकामागे चाळीस-पन्नास मुले असतात. मी स्वतः नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत दोन ज्वालामुखी बसवले होते आणि एकाला बक्षीसही मिळवले होते. तरी आज त्याकडे पाहताना वाटते की आपण मुलाच्या प्रकल्पाचे नियोजन उलट्या टोकाने करतो. आधी वस्तू ठरते, मग तिला शोभेल असे 'तत्त्व' शोधले जाते आणि शेवटी मूल त्यामागे उभे केले जाते. मुलाला पडलेला प्रश्न या सगळ्यात कुठेच येत नाही.

ज्वालामुखीचेच पाहा. शंकूच्या पोटात खाण्याचा सोडा, वरून व्हिनेगर, त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू आणि लाल फेस. हा प्रयोग आम्ल व सोडा यांच्या रासायनिक क्रियेचा आहे. खऱ्या ज्वालामुखीत वितळलेला खडक आणि त्यात कोंडलेली वाफ व इतर वायू असतात. सोडा-व्हिनेगरचा तिथे संबंध नाही. गंमत अशी की हा शंकू ज्या शाळेत मांडला होता ती दख्खनच्या पठारावर उभी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले आणि आपला काळा बेसाल्ट तयार झाला. जोत्याच्या दगडात खरा ज्वालामुखी आहे, पण मुलगा चित्रातल्या परदेशी पर्वताची प्रतिकृती करून आला होता. तोच सोडा व तेच व्हिनेगर घेऊन 'सोडा दुप्पट घेतला तर फुगा दुप्पट फुगेल का?' एवढे विचारले असते, तरी तो प्रकल्प झाला असता. व्हिनेगर तेवढेच ठेवले तर एका टप्प्यानंतर फुगा आणखी फुगत नाही, हे चौथीच्या मुलाला स्वतः सापडू शकते.

जलशुद्धीकरणाची गोष्ट मात्र गमतीवर नेण्यासारखी नाही. उलटी बाटली, तिच्यात खडी, वाळू, कोळसा. वरून गढूळ पाणी ओतले की खालून नितळ येते. पुढे पाटी होती, 'शुद्ध व पिण्यायोग्य पाणी'. मी विचारले, "तू हे पाणी पिशील का रे?" मुलाने शिक्षकांकडे पाहिले. शिक्षकांनी माझ्याकडे पाहिले. २०१२ साली याच इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती. हजारो लोक आजारी पडले, काही दगावले. ती हेपॅटायटिस-ई विषाणूची होती आणि हा विषाणू दूषित पाण्यातून पसरतो. नितळ दिसणाऱ्या पाण्यातही तो असू शकतो, आणि वाळू-कोळशाच्या बाटलीतून तो सहज पार होतो. पंचगंगेच्या काठच्या गावात दहा वर्षांच्या मुलाने 'नितळ म्हणजे शुद्ध' ही समजूत विज्ञान म्हणून घरी न्यावी, हे चुकीचे तर आहेच, धोक्याचेही आहे. पाटीवर 'गाळलेले पाणी, उकळल्याशिवाय पिऊ नये' असे लिहायला काहीच अडचण नव्हती. पण मग उपकरण 'यशस्वी' दिसले नसते.

इथे दोष थोडा परीक्षणाच्या पद्धतीकडेही जातो. राष्ट्रीय पातळीवरील बालविज्ञान प्रदर्शनांसाठी एनसीईआरटीने जे निकष सुचवले, त्यांत मुलांची सर्जनशीलता व कल्पकता यांना २० टक्के, नावीन्य, वैज्ञानिक विचार, तांत्रिक कौशल्य व उपयुक्तता यांना प्रत्येकी १५ टक्के, आणि कमी खर्च-टिकाऊपणा व सादरीकरण यांना प्रत्येकी १० टक्के गुण आहेत. शब्द सगळे चांगले आहेत. पण परीक्षक एका टेबलापाशी चार मिनिटे थांबतो, आणि चार मिनिटांत तयार वस्तू व पाठ केलेले भाषण एवढेच दिसते. 'वैज्ञानिक विचार' या रकान्यात मग आर्किमिडीज किंवा पास्कल यांचे नाव घेतल्याबद्दल गुण पडतात. मुलाने काय मोजले, किती वेळा मोजले, कुठे चुकले, यासाठी रकाना नाही. याउलट १९९३ पासून भरू लागलेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेने परिसरातला प्रश्न, गटाने केलेली पाहणी आणि नोंदवही यांवर भर दिला. ती दहा वर्षांपुढच्या मुलांसाठी आहे, इन्स्पायर-मानक योजना सहावीपासून सुरू होते. म्हणजे तिसरी-चौथीच्या मुलांना वरची कुठलीही पायरी गाठायची घाई नाही. या वयात तरी आपण मोकळेपणाने वागायला हरकत नसावी.

त्या प्रदर्शनात चौथीतली एक मुलगी ज्वालामुखीमागे उभी होती. भाषण संपल्यावर मी सहज विचारले, घरी काय असते? "माग हाईत की. आठ. उन्हाळ्यात सूत लई तुटतंय, म्हणून पप्पा जमिनीवर पाणी मारत्यात. कधी कधी मीबी मारतो." (कोल्हापूरकडच्या मुली 'मारतो'च म्हणतात.) मी विचारले, "पाणी मारल्यावर खरंच कमी तुटतं?" ती जराशी थांबली आणि म्हणाली, "पप्पा म्हणत्यात. मोजलं न्हाई कुणी."

माझ्या मते त्या दिवशीचा सर्वांत चांगला प्रकल्प हाच होता, आणि तो टेबलावर नव्हता. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून या गावाचे पोट सुतावर आहे. तरी बावीस टेबलांवर सुताचा एक धागा नव्हता. त्या मुलीला पंधरा दिवस आधी कोणी हाताशी धरले असते, तर काय करता आले असते ते जरा सविस्तर सांगतो.

प्रश्न आधी लहान करावा लागतो. 'माग आणि हवामान' हा विषय झाला. 'दमट सुताला कोरड्या सुतापेक्षा जास्त वजन पेलते का?' हा प्रश्न झाला. एका कोनावरचे साधे, खळ न लावलेले सुती सूत घ्यावे. (मुलांना चालू मागापाशी न्यायचे नाही, कोन घरून आणता येतो.) ४० काउंटचे असेल तर ८४० वारांच्या ४० लड्या मिळून एक पौंड भरतात, म्हणजे १०० मीटर सूत जेमतेम दीड ग्रॅमचे. असा एकेरी धागा साधारण २०० ते २५० ग्रॅमच्या आसपास तुटतो. हातभर लांबीचे चाळीस धागे कापावेत. वीस धागे झाकणाच्या डब्यात, पाण्याच्या वाटीवर जाळी ठेवून, रात्रभर ठेवावेत. उरलेले वीस उन्हात. धाग्याला खाली पिशवी टांगून चमच्याने कोरडी वाळू घालत जावी. धागा तुटला की पिशवी वाळूसकट वजन करावी. पिशवी जमिनीपासून चार बोटे वर असली की वाळू सांडत नाही.

इथे अडचणी सुरू होतात. गाठ मारलेल्या ठिकाणीच धागा तुटतो, कारण गाठीपाशी तो कमजोर होतो. मग गाठ न मारता पेन्सिलीला सात-आठ वेढे द्यावेत, हे मुलांनाच सुचू द्यावे. डब्यातला धागा बाहेर काढून उन्हात टांगला की मिनिटाभरात सुकू लागतो. म्हणून दोन्ही प्रकार आलटूनपालटून, सावलीत तपासावे लागतात. आणि मुख्य अडचण अशी की एकाच कोनावरचे दोन धागे सारख्या वजनाला तुटत नाहीत. एक १८० ग्रॅमला जाईल, दुसरा २४० ला. दमटपणाने येणारा फरक बहुधा याहून लहानच असतो. एकेक धागा तोडून निष्कर्ष काढणारा गट फसणार, वीस-वीस तोडून सरासरी काढणाऱ्याला फरक दिसण्याची शक्यता आहे. आपल्या पाठ्यपुस्तकात सरासरी ही गणिताच्या तासाची वस्तू आहे. इथे तिची गरज का पडते ते मुलाच्या बोटांना कळते.

कापसाचे तंतू ओलावा शोषतात आणि ओले असताना जास्त ताण सोसतात. म्हणजे पप्पांचे बरोबर ठरण्याचा संभव आहे. पण व्हिस्कोसचे सूत ओलाव्याने कमजोर होते आणि पॉलिस्टरवर फारसा परिणाम होत नाही. शेजारच्या घरात वेगळे सूत असेल, तर तिथला अनुभव वेगळा निघेल आणि वाद होईल. होऊ द्यावा. हे उत्तर शिक्षकाला ठाऊक असले तरी आधी सांगू नये; प्रत्येक मुलाने आपला अंदाज तारीख घालून वहीत लिहावा, आणि चुकला तर खोडू नये. फरक दिसलाच नाही, तर 'आम्हाला फरक दिसला नाही' असेच तक्त्यावर लिहावे. पहिल्या दिवशी गाठींमुळे वाया गेलेले धागेही टेबलावर ठेवावेत.

मांडणीला रंग, थर्माकोल काहीच लागत नाही. तुटलेले चाळीस धागे पुठ्ठ्यावर वजनाच्या क्रमाने डकवावेत, कोरडे वरच्या ओळीत, दमट खालच्या, आणि प्रत्येकाखाली ग्रॅमचा आकडा पेन्सिलने. शेजारी वही उघडी ठेवावी. परीक्षक आले की भाषण न करता त्यांच्या हातात एक धागा, पिशवी आणि वाळूचा चमचा द्यावा.